क्रॅशनंतर रिमोटवरचं हेलिकॉप्टर थरथरतंय? गायरोच्या गेनला हात लावायच्या आधी चिकटवलेलं ब्लेड काढून ठेवा

प्रश्न असा होता: "४५० साइझचं हेली सेकंडहँड घेतलंय, खारघरला बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर उडवतो. मागच्या रविवारी आडवं पडलं. एका मेन ब्लेडचं टोक जरा उकललं होतं ते फेविक्विकने चिकटवलं, मेन शाफ्ट वाकला होता तो ठोकून सरळ केला. आता उडतंय पण थरथरतं आणि शेपटी डावी-उजवी हलत राहते. गायरोचा गेन किती ठेवू?"

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेनचं, म्हणजे शेपटी सरळ धरणारा गायरो किती जोरात उत्तर देतो त्या आकड्याचं, उत्तर देतो पण अगदी शेवटी, कारण आत्ता तुम्ही गेन कितीही ठेवलात तरी काही अर्थ नाही. कुठलातरी फिरणारा पार्ट अजून वाकडा आहे किंवा वजनाला असमान आहे, गायरोचा सेन्सर ती थरथर हालचाल समजून उत्तर देतोय आणि म्हणून शेपटी नाचतेय. गेन कमी केलात तर शेपटी शांत दिसेल, पण वाकडा पार्ट तसाच फिरत राहील, आणि तुम्ही समजाल की झालं नीट. मला त्याचीच काळजी वाटतेय. त्यामुळे आधी एक विनंती, हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी ते चिकटवलेलं ब्लेड हेलीवरून काढून ठेवा.

मी ठाण्याचा, वागळे इस्टेटला मशीन मेंटेनन्समध्ये काम करतो, २००९ पासून हेली उडवतोय, ४५० पासून ७०० पर्यंत सगळी झालीत, आणि रविवारी ओळखीतल्या लोकांची पडलेली हेली जोडून देतो. तुमचं मॉडेल नेमकं कुठलं, फ्लायबार (पंख्यावरची तोल सांभाळणारी आडवी दांडी) आहे की फ्लायबारलेस, टेल बेल्टवर आहे की टॉर्क ट्यूबवर (फिरणाऱ्या नळीवर) हे तुम्ही लिहिलं नाहीये, सेकंडहँड असल्यामुळे आधीच्या मालकाने आत काय काय केलंय तेही माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला तिथे बघूनच ठरवाव्या लागतील. पण मूळ हिशोब सगळ्या ४५० ला सारखाच आहे.

तो हिशोब आधी सांगतो. ४५० चं मेन ब्लेड साधारण ३२५ एमएमचं, पंख्याचा पूर्ण व्यास ७२ सेंटिमीटरच्या आसपास. हेड स्पीड, म्हणजे मेन पंख्याचा वेग, २८०० आरपीएम धरला तर ब्लेडचं टोक ताशी ३८० किलोमीटरच्या वेगाने फिरत असतं. आता घरातल्या वजनकाट्यावर ब्लेड ठेवून बघा, ३५ ग्रॅमच्या आसपास भरेल. हे ३५ ग्रॅम त्या वेगाने फिरताना ग्रिपला, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या पार्टला, बाहेरच्या बाजूला जे ओढतं ते जवळजवळ ६० किलोने. म्हणजे सिमेंटची भरलेली गोणी एका बाजूला, तेवढीच दुसऱ्या बाजूला, आणि मधे दोन्ही ग्रिप जोडणारा एक बारीक आडवा दांडा, म्हणजे स्पिंडल, आणि दोन टोकांना दोन छोटे बोल्ट. आणि तुम्ही टोकाला जो फेविक्विक लावलाय तो धरा, वजनात एका ग्रॅमचा फरक पडला असेल तर टोकाला तो एक ग्रॅम ३ किलोने ओढतो, तेही दर फेऱ्याला, मिनिटाला २८०० वेळा. तुमची थरथर तिथूनच येत असणं अगदी शक्य आहे. फेविक्विक वाईट नाही, कॅनॉपीची (पुढच्या टोपाची) चीर मी पण त्यानेच चिकटवतो. पण ब्लेडमध्ये ताकद असते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेल्या कार्बनच्या धाग्यात, उकललं म्हणजे धागे सुटले, आणि कडेला ग्लू सोडून ते आतून परत जुळत नाहीत. ब्लेड कापून कचऱ्यात टाका, आणि नवीन घेताना जोडी घ्या, एक नवीन एक जुनं नको. दुसरं ब्लेड वरून चांगलं दिसतंय म्हणून ठेवायचं असेल तरी नको, त्याच क्रॅशमध्ये तेही होतंच ना.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः हे भोगलंय. २०१२ ची गोष्ट, घोडबंदर रोडला तेव्हा बरेच प्लॉट मोकळे होते, एका बिल्डरच्या साइटशेजारी आम्ही सकाळी उडवायचो. आदल्या आठवड्यात पडलेलं हेली मी घाईत जोडलं होतं, स्पिंडल डोळ्याला सरळ दिसला म्हणून तोच परत टाकला, बोल्टही तेच जुने आणि त्यावर थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा ग्लू) लावायचं राहून गेलं. दुसऱ्या बॅटरीला साधं होव्हर (एका जागी तरंगतं धरणं) करत होतो, माझ्यापासून बारा-तेरा मीटरवर, डोळ्याच्या उंचीला. 'टक्' असा एकच आवाज आला आणि एक ब्लेड ग्रिपसकट निघून गेलं. उरलेलं हेली एका सेकंदात स्वतःला हलवून हलवून तुकडे होऊन खाली आलं. ते ब्लेड साइट ऑफिसच्या पत्र्यात सापडलं, पत्रा बोटभर फाडून आत अडकलेलं. माझा भाचा तेव्हा आठवीत होता, दोनच मिनिटं आधी तो त्या पत्र्याच्या बाजूला उभा होता आणि मी त्याला हाक मारून माझ्या मागे उभं केलं होतं. त्या दिवसानंतर पडलेल्या हेलीतला स्पिंडल मी कधीही परत वापरलेला नाही, दिसायला कितीही सरळ असो.

आणि ४५० लहान आहे असं मनात असेल तर तेही काढून टाका. २०१३ साली न्यूयॉर्कला ब्रुकलिनमधल्या एका पार्कात १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच हेलीचं ब्लेड लागून जागीच गेला, आणि तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. ते हेली मोठं होतं हे खरं, पण डोळ्याला, मानेला, मनगटाला ४५० चं ब्लेडही पुरेसं आहे.

आता दुरुस्ती. मेन शाफ्ट ठोकून सरळ केलात म्हणालात. ५ एमएमचा कडक स्टीलचा शाफ्ट ठोकला की वाकलेल्या जागी तो सरळ झाल्यासारखा वाटतो, पण बहुतेक वेळा त्याच्या शेजारी दुसरा बाक येतो. मी एकदा कुतूहल म्हणून असाच एक ठोकलेला शाफ्ट कामावर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून बघितला, डोळ्याला अगदी सुतासारखा सरळ, आणि डायलचा काटा सात डिव्हिजन हलला, म्हणजे सात शतांश मिलिमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्याच्यावर अख्खं हेड, म्हणजे ब्लेड धरणारा मधला भाग, बसलंय. नवीन शाफ्ट घ्या, आणि त्याबरोबर शाफ्टमधून आरपार जाणारा बोल्ट आणि नट नवीन घ्या, अख्खं हेड त्या एका बोल्टवर टांगलेलं असतं.

स्पिंडल तर तुम्ही काढून बघितलाच नसेल असं वाटतंय, कारण लिहिलं नाहीये. आडव्या क्रॅशमध्ये सगळ्यात आधी तोच वाकतो. दोन्ही टोकांच्या बोल्टमध्ये एक-एक अ‍ॅलन की घाला, ग्रिप हाताने न धरता स्पिंडल हळू फिरवा आणि ग्रिपच्या टोकाकडे बघा, ते वर-खाली डुलत असेल तर स्पिंडल गेलाय. मग काढून टीपॉयच्या काचेवर ठेवा, समोरून उजेड येईल असे बसा आणि बोटाच्या पेराने हलकेच लोटा. सरळ असेल तर खालची उजेडाची फट कायम एकसारखी राहते, वाकडा असेल तर ती फट उघडते-मिटते, उघडते-मिटते. दहा सेकंदांचं काम आहे. पण सरळ निघाला तरी बदलाच, आतल्या पार्टमध्ये तो सगळ्यात स्वस्तातला एक आहे.

स्पिंडल बाहेर आलाच आहे तर ग्रिपमधलं थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे ती बाहेरची ओढ झेलणारं बेअरिंग, उघडून बघा. सेकंडहँड हेलीत हे उलटं बसवलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्याच्या दोन वॉशर दिसायला सारख्या असतात पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची आतल्या बाजूला म्हणजे हेडकडे, लहान भोकाची बाहेर बोल्टकडे, आणि मधे गोळ्यांची केज भरपूर ग्रीस लावून. उलटं बसलं तर ते ६० किलो चुकीच्या जागी घासत राहतात, ग्रिप जड फिरते, सर्वो (पार्ट हलवणारी छोटी मोटर) तापतो. बाकीची बेअरिंग बोटावर ठेवून सावकाश फिरवा, कुठे कचकच लागली की बदला. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस, नुसतं कपाटात ठेवलेलं हेली सुद्धा सप्टेंबरात काढलं की एखादं बेअरिंग गंजलेलं निघतं. मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

मेन गिअरचा एकेक दात बघा. नुसता फिरवून नाही, टॉर्च मारून पूर्ण फेरा मोजत बघा, अर्धवट तुटलेला एक दात उडताना बरोबर लोड आल्यावर जातो. पिनियनचं (मोटरवरच्या छोट्या गिअरचं) मेश, म्हणजे दातांमधली फट, लावताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधे घाला, मोटर दाबून बोल्ट आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उठल्या पाहिजेत पण कागद फाटता कामा नये. हे गिअरच्या चार-पाच वेगवेगळ्या जागी करा.

थ्रेडलॉकबद्दल दोन शब्द, कारण माझं नडलं ते तिथेच. निळं वापरायचं, लाल नाही. बोल्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवायचा, मग टूथपिकने एक थेंब. फक्त धातूच्या बोल्टला धातूत जाताना, प्लास्टिकवर अजिबात लागू द्यायचं नाही, काही प्लास्टिक त्याने तडकतं. नायलॉकच्या (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटला त्याची गरज नसते, पण नायलॉक चार-पाच वेळा काढ-घाल झाला की हाताने फिरायला लागतो, तसा झाला की फेकायचा. आणि मी एक करतो, आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पार्टवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो. बोल्ट सैल व्हायला लागला की रेघ तुटलेली दिसते, उडवायच्या आधी नुसती नजर फिरवली की कळतं. अ‍ॅलन की मात्र चांगल्या घ्या, स्वस्तातल्या १.५ एमएमच्या की बोल्टचं डोकं गोल करून टाकतात आणि मग बोल्ट नीट आवळलाय की नाही हेच कळत नाही.

शेपटीचं वेगळं बघावं लागेल. टेल रोटर मेनच्या सव्वाचार पटीच्या आसपास फिरतो, म्हणजे १२००० आरपीएमच्या घरात, त्यामुळे टेल शाफ्ट केसभर वाकला असला तरी बारीक झणझण येते, बूमच्या (शेपटीच्या नळीच्या) टोकाला उभे फिन धूसर दिसायला लागतात. मोठी, सावकाश थरथर असेल, म्हणजे लँडिंग गिअर आणि कॅनॉपी हलताना दिसत असेल, तर दोष हेडकडे. बेल्टवाली टेल असेल तर बेल्ट सैल आहे का बघा, बूम क्रॅशमध्ये थोडी पुढे सरकलेली असते. मग टेलच्या सर्वोवरून लिंक काढून पुशरॉड बोटाने पुढे-मागे करा, तो लोण्यातून सुरी फिरल्यासारखा फिरला पाहिजे. कुठे अडखळत असेल किंवा बॉल लिंकमध्ये खडखड असेल तर शेपटी गेन कितीही केलात तरी हलणारच.

इलेक्ट्रॉनिक्सकडे लोक क्रॅशनंतर बघतच नाहीत. मोटरच्या तिन्ही वायर काढून ठेवा, मग पॉवर द्या, आणि प्रत्येक सर्वो स्टिकने अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मधेच 'टिक' करून उडी मारली की आतला दात गेलाय. कार्बन फ्रेमच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि कार्बनमधून करंटही जातो, सर्वोची वायर तिथे घासून सोललेली असेल तर हवेत अचानक सगळं बंद पडू शकतं. कडा बारीक पॉलिश पेपरने मारा आणि वायरवर स्लीव्ह घाला. याच वेळी हेली हातात धरून नाक डावीकडे वळवा, टेलच्या ब्लेडने नाक परत उजवीकडे आणायच्या दिशेला वळायला हवं. उलटं वळत असेल तर जमिनीवरून उठताच हेली भोवऱ्यासारखं फिरेल.

बॅटरी पडली होती का त्या क्रॅशमध्ये? पडली असेल आणि जराही फुगली किंवा कोपरा चेपला असेल तर चार्जरला लावू नका. पडलेली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) मी घरात आणतच नाही, आधी अर्धा-पाऊण तास बाहेर मोकळ्यावर ठेवतो. चांगली असेल तरी चार्ज १सी नेच, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, आणि समोर बसून. रात्री चार्जिंगला लावून झोपणं हे बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाने करूच नये. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ व्होल्ट पर सेलवर ठेवा.

सगळं जोडून झालं की लगेच उडवायचं नाही. आधी मेन आणि टेल दोन्ही ब्लेड काढून, हेली मऊ गादीवर ठेवून, लांब उभं राहून मोटर कमी वेगात थोडा वेळ फिरवा. इथे थरथर आली तर मोटर, पिनियन, गिअर किंवा शाफ्ट. नाही आली तर टेल ब्लेड लावून परत. तेही स्वच्छ असेल तर मेन ब्लेड, आणि ही शेवटची पायरी मैदानावरच, गॅलरीत किंवा टेरेसवर नाही. ब्लेडचे बोल्ट इतकेच आवळा की हेली आडवं धरलं तर ब्लेड जागेवर राहील आणि झटका दिला की खाली पडेल, फार घट्ट असलं तर ब्लेड सरळ रेषेत येत नाही आणि त्यानेही थरथर येते. पहिल्या स्पूल अपला (पंखा वेगात आणताना) कमीत कमी दहा मीटर लांब, ब्लेड फिरतात त्या पातळीत आजूबाजूला कोणीही नाही, ट्रॅकिंग (दोन्ही ब्लेड एकाच पातळीत फिरतात का) बघायला सुद्धा वाकून जवळ जायचं नाही.

थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर लगेच बंद करून ठेवणारा, स्विच वापरता ना? हेली उचलून नेताना, बॅटरी जोडताना होल्ड चालू, आणि हवेत काहीही बिघडलं की पहिलं बोट त्या स्विचवर. पडणार हे कळल्या क्षणी होल्ड मारलात तर निम्मे गिअर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) वाचतात, आणि जमिनीवर पडलेलं हेली ब्लेड आपटत फिरत बसत नाही. ट्रान्समीटर आधी चालू, सगळ्यात शेवटी बंद. फेलसेफमध्ये सिग्नल गेला की मोटर बंद होते का हे ब्लेड काढून एकदा ट्रान्समीटर बंद करून खरंच बघा, सेकंडहँडमध्ये आधीच्या माणसाने काय सेट केलंय सांगता येत नाही.

आता जागेचं. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खारघरचा तो प्लॉट सोडा. संध्याकाळी अशा प्रत्येक प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळत असतात, बॉल आणायला कोण कुठून धावत येईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबर २०२५ पासून तो सुरूही झालाय आणि खारघर त्याच्या अगदी जवळ. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल म्हणून छंदासाठी उडवलेली मशीनही येतात, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतला भाग ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात, येतच नाही, तिथे जमिनीपासूनच परवानगीचा प्रश्न आहे. आमच्याकडे ठाण्यात कोलशेतला एअर फोर्स स्टेशन आहे, त्यामुळे त्या बाजूचा विचारही आम्ही करत नाही. ऐरोलीला खाडीकडे मोकळं दिसतं पण तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, शिवाय हाय टेन्शनच्या लाइन. आम्ही चार-पाच जण पहाटे निघून बदलापूर-मुरबाडच्या बाजूला शेतमालकाला विचारून उडवतो, तिथलाही झोन नकाशावर बघून आणि पोलिसांचे मनाईचे आदेश चालू नाहीत ना ते विचारून. रोज जमत नाही, महिन्यातून दोनदा जमतं. बाकीचे दिवस सिम्युलेटर, आणि खरं सांगतो नाक समोर करून होव्हर मी सिम्युलेटरवरच शिकलो, त्याने माझे जितके शाफ्ट वाचले तितके कशाने वाचले नाहीत.

आता गेन. नवीन ब्लेडची जोडी, शाफ्ट, स्पिंडल टाकून थरथर गेली की मॅन्युअलमध्ये तुमच्या गायरोला जो सुरुवातीचा आकडा दिलाय तिथून सुरू करा. होव्हर करून बघा, शेपटी सावकाश, आळसावल्यासारखी इकडेतिकडे जात असेल तर गेन कमी आहे, थोडा थोडा वाढवत जा, प्रत्येक वेळी हेली खाली उतरवून. एका आकड्यावर शेपटी झपाझप, बारीक हलायला लागेल, तो तुमचा वरचा टोकाचा आकडा, तिथून तीन-चार पॉइंट खाली या आणि ठेवून द्या. हेड स्पीड बदललात तर हे परत करावं लागेल. स्पिंडल काढलात की काचेवर काय दिसलं ते इथे लिहा, आणि जमलं तर हेडचा बाजूने काढलेला फोटो टाका, थ्रस्ट बेअरिंगच्या वॉशर उलट्या असतील तर फोटोवरून सांगता येईल.